आईवडिलांनी काढलेली पॉलिसी: हिशोब कोणत्या दिवसापासून?

आईवडिलांनी मुलाच्या लहानपणी त्याच्या नावावर काढलेली आयुर्विम्याची पॉलिसी मुलगा कमावता झाल्यावर त्याच्या हाती येते, तेव्हा तिचे काय करावे या प्रश्नाला आर्थिक सल्ल्याच्या क्षेत्रात सध्या बहुधा एकच ठरलेले उत्तर मिळते: ती ताबडतोब मोडावी. या उत्तरामागचा युक्तिवाद असा की, एंडोमेंट म्हणजे विमा आणि बचत यांची एकत्र मोट बांधणारी योजना असून तिच्यातून वर्षाला जेमतेम पाच-सहा टक्के परतावा सुटतो, संरक्षण नाममात्र मिळते आणि एजंटाचे कमिशन मात्र भरघोस असते. तेव्हा वडिलांनी केलेली चूक मुलाने पुढे चालवू नये, सरेंडर करून मिळेल ती रक्कम म्युच्युअल फंडात घालावी आणि संरक्षणासाठी स्वतंत्र टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा आणि म्हणून स्वस्त पडणारा विमा, घ्यावा. या युक्तिवादातील वर्णन बहुतांशी खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र बहुतेक जुन्या पॉलिसींच्या बाबतीत चुकीचा ठरतो, कारण तो ज्या हिशोबावर उभा आहे तो वडिलांचा हिशोब आहे आणि निर्णय मुलाला घ्यायचा आहे.

पाच-सहा टक्क्यांचा आकडा काढताना पहिला हप्ता भरल्याच्या दिवसापासून मुदतपूर्तीपर्यंतचा सगळा काळ मोजला जातो. वडिलांनी पॉलिसी घेतली त्या दिवशी हा आकडा निर्णायक होता आणि तो त्यांना कोणी सांगितला असता तर कदाचित त्यांनी दुसरा मार्ग धरला असता. परंतु पंधरा-अठरा वर्षे हप्ते भरून झाल्यावर पॉलिसी ज्याच्या हाती येते त्याच्यापुढे तो पर्यायच नसतो. जे हप्ते भरले गेले ते गेले. ते शहाणपणाने भरले की भाबडेपणाने, याने पुढच्या निर्णयात काडीचा फरक पडत नाही. मुलाची या पॉलिसीतील गुंतवणूक आजपासून सुरू होते, आणि ती दोन गोष्टींची बनलेली असते: आज पॉलिसी मोडली असती तर हाती आली असती ती रक्कम, म्हणजे सरेंडर मूल्य, आणि यापुढे भरायचे राहिलेले हप्ते. या दोहोंच्या बदल्यात मुदतीअखेर किती मिळणार, एवढाच प्रश्न त्याने विचारायचा असतो.

एक काल्पनिक परंतु प्रमाणाला धरून असलेले उदाहरण घेतले तर हा फरक किती मोठा आहे ते दिसते. मूल पाच वर्षांचे असताना पाच लाख विमा रकमेची, पंचवीस वर्षे मुदतीची, बोनस मिळणारी पॉलिसी काढली, वार्षिक हप्ता २०,००० रुपये आणि बोनस दर हजारी ४५ रुपये, म्हणजे वर्षाला २२,५०० रुपये, असे धरू. बोनसचा दर तसाच राहिला तर पंचवीस वर्षांनी विमा रक्कम आणि बोनस मिळून १०,६२,५०० रुपये येतात. पहिल्या दिवसापासून मोजले तर हा परतावा चक्रवाढीने वर्षाला सुमारे ५.४ टक्के पडतो; येथवर सल्लागारांचे म्हणणे तंतोतंत बरोबर आहे. आता अठरा हप्ते भरून झाले आहेत, मुलगा तेवीस वर्षांचा आहे, सात हप्ते उरले आहेत आणि आज सरेंडर केल्यास साडेचार लाख रुपये मिळतात असे समजू. मुलाने पॉलिसी चालू ठेवली तर तो आज साडेचार लाख आणि पुढील सात वर्षे दरवर्षी वीस हजार गुंतवून सात वर्षांनी १०,६२,५०० रुपये घेतो, आणि हा परतावा वर्षाला सुमारे ९.६ टक्के होतो. हीच साडेचार लाखांची रक्कम आणि हेच वार्षिक वीस हजार त्याने सात टक्के व्याजाच्या मुदत ठेवीत ठेवले तर सात वर्षांनी सुमारे ९,०८,००० रुपये होतील, आणि त्यातल्या व्याजावरचा कर वेगळा. म्हणजे वडिलांसाठी सुमार असलेली पॉलिसी मुलासाठी उत्तम ठरू शकते, आणि त्यासाठी कंपनीने काहीही नवे देऊ केलेले नसते.

हे असे का होते, याचे कारण पॉलिसीच्या खर्चाच्या रचनेत आहे. आयुर्विमा महामंडळाच्या दीर्घ मुदतीच्या जुन्या योजनांत एजंटाला पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर २५ टक्के कमिशन आणि त्यावर बोनस कमिशन, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यानंतर पाच टक्के अशी पद्धत राहिली आहे. पॉलिसी देण्याचा, तपासणीचा आणि नोंदणीचा खर्चही सुरुवातीलाच होतो. भरघोस कमिशनविषयीचा जो संताप व्यक्त होतो तो योग्यच आहे, पण ते कमिशन दीड-दोन दशकांपूर्वी देऊन झालेले आहे आणि पॉलिसी मोडून त्यातला एक पैसाही परत येत नाही. उलट, सगळा जड खर्च सोसून झाल्यावर आणि फळाची वर्षे समोर असताना बाहेर पडणारा माणूस आपला तोटा पक्का करतो, आणि त्याने सोडलेल्या रकमेचा काही वाटा फंडात मागे राहिलेल्या विमाधारकांच्या बोनसाला हातभार लावतो. त्यात भर म्हणजे महामंडळ पंधरा वर्षे किंवा अधिक काळ चाललेल्या अनेक पॉलिसींवर मुदतपूर्तीच्या वेळी अंतिम अतिरिक्त बोनस देते. वरच्या हिशोबात तो धरलेला नाही. धरला तर फरक आणखी वाढतो.

याच उदाहरणात तिसरा पर्यायही तपासून पाहण्यासारखा आहे, कारण मधला मार्ग म्हणून तो अनेकदा सुचवला जातो. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणे, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात विमा रक्कम घटवून ती मुदतीपर्यंत तशीच ठेवणे, हा तो मार्ग. अठरा हप्त्यांनंतर पेड-अप झालेल्या पॉलिसीची विमा रक्कम ३,६०,००० रुपयांवर येते, आधी जमा झालेला ४,०५,००० रुपयांचा बोनस कायम राहतो, परंतु पुढचा बोनस मिळत नाही. म्हणून मुदतीअखेर ७,६५,००० रुपये हाती येतात. पूर्ण चालू ठेवलेल्या पॉलिसीपेक्षा ही रक्कम २,९७,५०० रुपयांनी कमी आहे, आणि तेवढ्यासाठी वाचवलेले हप्ते फक्त १,४०,००० रुपयांचे आहेत. शेवटच्या सात हप्त्यांवर मिळणारा परतावा वेगळा काढला तर तो वर्षाला एकोणीस टक्क्यांच्या आसपास जातो. ‘उरलेले हप्ते भरणे म्हणजे बुडीत पैशामागे चांगला पैसा घालवणे’ असे जे सांगितले जाते त्याचे याहून पूर्ण खंडन होणे अवघड आहे. पॉलिसीतले सर्वांत सुपीक हप्ते नेमके शेवटचे असतात, आणि थांबवण्याचा सल्ला नेमका त्यांच्याच बाबतीत दिला जातो.

या प्रतिवादाची मर्यादा मात्र लपवण्यात अर्थ नाही. हाच हिशोब अवघ्या तीन हप्त्यांच्या पॉलिसीला लावला, सरेंडर मूल्य वीस हजारच मिळते असे धरले आणि बावीस वर्षे उरली असतील, तर पुढचा परतावा सुमारे साडेसहा टक्के निघतो. अशी कोवळी पॉलिसी मोडावी असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्याजोगे फारसे काही उरत नाही. मुलगा नोकरीला लागल्यावर वडिलांनी करसवलतीच्या नादात गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या नावे काढलेल्या पॉलिसींना सल्लागारांचा मुद्दा बहुधा लागू पडतो. परंतु शैशवात काढलेल्या आणि तारुण्यात हाती आलेल्या पॉलिसी स्वभावतःच जुन्या असतात, आणि सरसकट सल्ल्याचा दोष हाच की तो दोहोंत फरक करत नाही.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की म्युच्युअल फंडातून बारा टक्के मिळतात, मग ९.६ टक्क्यांचे कौतुक कशाला? बारा टक्के खरोखरच मिळाले तर वरच्या उदाहरणात सात वर्षांनी सुमारे १२,२०,००० रुपये होतात, हे मान्य करावे लागते. पण बारा टक्के हा समभागांच्या दीर्घकालीन सरासरीविषयीचा अंदाज आहे. सात वर्षांच्या एका विशिष्ट टप्प्यात तो मिळेल याची हमी कोणीही लिहून देत नाही. दुसरीकडे पॉलिसीतील विमा रक्कम आणि एकदा जाहीर होऊन जमा झालेला बोनस परत घेता येत नाही. अनिश्चित असतो तो फक्त पुढील वर्षांच्या बोनसचा दर. पॉलिसीच्या परताव्याची तुलना करायची तर ती कर्जरोखे आणि ठेवी यांच्याशी करावी. समभागांशी करायची तर जोखीमही मोजावी. तुलना करताना एका पारड्यात निश्चित रक्कम आणि दुसऱ्यात आशा टाकून तोल दाखवला जातो, एवढेच येथे नोंदवावेसे वाटते. ज्या तरुणाची बाकीची सगळी बचत समभागांत आहे त्याला अशी एक स्थिर रक्कम बाजूला असणे अडचणीचे नाही.

संरक्षणाच्या मुद्द्यात सल्लागार बरोबर आहेत: पाच लाखांचा विमा आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला पुरेसा नाही. पण अपुरे संरक्षण ही ते वाढवण्याची सबब आहे, आहे तेही काढून टाकण्याची नव्हे. टर्म विमा घ्यावाच, आणि तरुणपणी तो घेणे स्वस्त पडते. मात्र तो हाती येण्यापूर्वी जुनी पॉलिसी मोडणे हा निव्वळ अविचार आहे. नवा विमा देताना कंपनी प्रकृतीची तपासणी करते, आणि दरम्यानच्या काळात मधुमेह, हृदयविकार किंवा मानसिक आजारासाठीचे उपचार यांची नोंद झालेल्या तरुणाला जास्त हप्ता लागतो किंवा नकारही मिळतो. बालपणी निरोगी असताना काढलेली पॉलिसी यांतले काहीही न विचारता चालू राहते. शिवाय विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने अशी तरतूद केली आहे की पॉलिसी दिल्याच्या, जोखीम सुरू झाल्याच्या, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्याच्या किंवा पूरक विमा जोडल्याच्या तारखांपैकी जी शेवटची असेल तिच्यापासून तीन वर्षे उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीला आव्हान देता येत नाही. जुन्या पॉलिसीने ही तीन वर्षे कधीच पार केलेली असतात; नव्या पॉलिसीला ती पुन्हा शून्यापासून मोजावी लागतात.

येथवर प्रतिवाद ‘मोडा’ म्हणणाऱ्यांशी झाला. परंतु जी मंडळी ‘असू दे, बाबा भरतायत’ म्हणून पॉलिसी वडिलांच्या कपाटातल्या फायलीतच राहू देतात त्यांचीही वकिली येथे करायची नाही. त्यांचा समज असा असतो की पॉलिसी वडिलांनी काढली, हप्ते वडिलांनी भरले, म्हणजे ती वडिलांची. महामंडळाच्या मुलांसाठीच्या योजनांत कायदेशीर स्थिती याच्या नेमकी विरुद्ध आहे. अज्ञान मुलाच्या जीवनावर काढलेल्या अशा पॉलिसीत वडील किंवा आई हे प्रस्तावक असतात. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यानंतरच्या, किंवा त्याच दिवशी येणाऱ्या, पॉलिसीच्या वार्षिक तारखेला ती आपोआप त्याच्याकडे निहित होते, म्हणजे मालकी त्याच्याकडे जाते, मात्र पॉलिसी चालू असावी आणि त्या तारखेपूर्वी सरेंडरची लेखी विनंती आलेली नसावी. त्या दिवसापासून करार कंपनी आणि मुलगा यांच्यात असल्याचे मानले जाते आणि प्रस्तावकाचा किंवा त्याच्या वारसांचा त्यावर हक्क उरत नाही. घरात कोणालाही न विचारता, कोणत्याही सहीशिवाय हे घडून जाते, आणि बहुसंख्य कुटुंबांना त्याचा पत्ताच नसतो. (कागद मात्र वर्षानुवर्षे जुन्या पत्त्यावर येत राहतात.) ‘जीवन तरुण’सारख्या योजनेत हप्ते मुलाच्या विसाव्या वर्षापर्यंत आणि मुदत पंचविसाव्यापर्यंत असते, म्हणजे हप्त्यांची शेवटची वर्षे आणि पैसे मिळण्याचा सगळा काळ मालकी बदलल्यानंतर येतो.

सगळ्याच पॉलिसी अशा नसतात, आणि ‘ताब्यात घेणे’ म्हणजे नेमके काय हे प्रकारावर ठरते. सज्ञान मुलाने स्वतः प्रस्तावावर सही केलेली आणि वडिलांनी केवळ हप्ते भरलेली पॉलिसी पहिल्या दिवसापासून त्याचीच असते. तेथे हप्ता कोणाच्या खात्यातून जावा एवढाच बदल करायचा असतो. मालक वडील आहेत आणि मालकी आपोआप बदलण्याची तरतूद नाही, अशा पॉलिसीसाठी विमा कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे अभिहस्तांकन, म्हणजे पॉलिसीतील हक्क दुसऱ्याच्या नावे करण्याचे लेखी हस्तांतर, करावे लागते. ते पॉलिसीवरच किंवा वेगळ्या दस्तावर होते, त्यावर हस्तांतर करणाऱ्याची आणि किमान एका साक्षीदाराची सही लागते आणि कंपनीला लेखी सूचना द्यावी लागते. कंपनीला नोंद नाकारायची असेल तर सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत कारणे लेखी कळवावी लागतात. वडिलांनी स्वतःच्या जीवनावर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याच्या कलम ६ खाली, पत्नी व मुलांच्या लाभासाठी, काढलेली पॉलिसी या चर्चेत येतच नाही. ती विश्वस्त निधी मानली जाते आणि मुलगा तिचा लाभार्थी असतो. केवळ नाव नॉमिनी म्हणून नोंदलेले आहे म्हणून वडिलांच्या जीवनावरील पॉलिसी ‘आपली’ समजणाऱ्यांनी तर घाईच करू नये. त्यात घेण्यासारखे आज काही नाही.

मालकी मुलाकडे आल्यावर सर्वांत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे नामनिर्देशन. विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या जीवनावरील पॉलिसीचा धारकच नॉमिनी नोंदवू शकतो. त्यामुळे मुलगा अज्ञान असेपर्यंत अशा पॉलिसीत नामनिर्देशन झालेलेच नसते, आणि अठराव्या वर्षानंतर कोणी ते केले नाही तर रकाना रिकामाच राहतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांना नामनिर्देशित केल्यास ते लाभार्थी ठरतात, म्हणजे रक्कम त्यांची स्वतःची होते. त्यापूर्वी, सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार, नामनिर्देशित व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारणारी होती आणि वाटप वारसाहक्काने होत असे. रिकामा रकाना कुटुंबाला त्या जुन्या गुंत्यात, म्हणजे वारस प्रमाणपत्राच्या मागे, पुन्हा ढकलतो.

त्याबरोबर शाखेतून पॉलिसीची सद्यस्थिती मागवून घेणे आवश्यक आहे, कारण वरच्या हिशोबाचे आकडे तिथेच मिळतात आणि तिथेच धक्केही बसतात. पॉलिसीवर घेतलेले कर्ज आणि त्याचे साठलेले व्याज बाकी असू शकते, आणि ते वजा न करता काढलेला परतावा खोटा असतो. ‘कोमल जीवन’सारख्या योजनांत अठरा, वीस, बावीस आणि चोवीस वर्षांना मिळणाऱ्या रकमा, बँकेचा तपशील दिलेला नसल्याने, कंपनीकडे पडून राहिलेल्या असू शकतात, आणि दहा वर्षांहून अधिक काळ दावा न झालेल्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. प्रस्तावकाच्या मृत्यूनंतर हप्ते माफ करण्याचा पूरक विमा घेतलेला असताना कुटुंबाने माहितीअभावी हप्ते भरतच राहावे, असेही होऊ शकते. आणि पॉलिसी बंद पडलेली असेल तर ठरावीक मुदतीत, थकलेले हप्ते व व्याज भरून आणि गरज पडल्यास प्रकृतीचे निवेदन देऊन, ती पुन्हा सुरू करता येते; परंतु तसे केल्यावर कलम ४५ ची तीन वर्षे नव्याने सुरू होतात आणि मागची जुनेपणाची ढाल गळून पडते.

कराचा मुद्दा दोन ओळींचा आहे. प्राप्तिकर कायद्यानुसार, हप्ता विमा रकमेच्या ठरावीक टक्क्यांच्या आत असल्यास, मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहते, आणि २००३ ते २०१२ दरम्यानच्या पॉलिसींसाठी ही मर्यादा वीस टक्के, म्हणजे नंतरच्या दहा टक्क्यांपेक्षा उदार, आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा करही उठला आहे, त्यामुळे उरलेले हप्ते थोडे हलके झाले आहेत. जुनी पॉलिसी मोडण्याच्या बाजूने करकायद्याकडून आधार मिळत नाही.

राहतो तो घरातला वाद, आणि तो मुलींच्या पॉलिसींबाबत अधिक तीव्र होतो. ‘लग्नासाठी’ म्हणून काढलेल्या पॉलिसीवर माहेरचा हक्क आहे, कारण हप्ते माहेरने भरले, असे आईवडिलांना वाटते. लग्नानंतर पैसा आपल्या घरात यावा, असे सासरला वाटते. आणि जिच्या जीवनावर पॉलिसी आहे तिला बाँडचा क्रमांकही माहीत नसतो. अठराव्या वर्षानंतर ही पॉलिसी तिची आहे, हे कायद्याने ठरवून टाकले आहे आणि दोन्ही घरांच्या भावना त्याच्या आड येऊ शकत नाहीत. तिला मुदतपूर्तीची रक्कम आईवडिलांना द्यायची असेल तर ती जरूर द्यावी. जवळच्या नात्यातील भेट घेणाऱ्याला करपात्र नसते. पण द्यायची ती तिच्या खात्यातून, तिच्या सहीने. त्यासाठी नाव बदलले असल्यास विवाह नोंदणीच्या दाखल्यासह महामंडळाच्या नोंदीत ते दुरुस्त करून घेणे, नवा बँक तपशील नोंदवणे आणि नामनिर्देशन लग्नापूर्वीचे आहे का लग्नानंतरचे, हे तपासणे हे तिचेच काम आहे. आणि उरलेले हप्ते सासरच्या उत्पन्नातून भरले जात असले तरी त्यामुळे पॉलिसीची मालकी बदलत नाही, हे ते भरण्याआधीच स्पष्ट झालेले बरे.